अरबस्तानचं अंदाजपत्रक आणि माझी मुंबई

बायको अरबस्तानात निघाली होती आणि धाप मला लागली होती.

त्या वर्षी मी राहात्याच्या मिशनशाळेत गणित आणि भूगोल शिकवत होतो आणि बायको तिथल्याच दवाखान्यात नर्स होती. युद्ध संपून वर्ष झालं होतं. आगबोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या, पण साखर, रॉकेल आणि कापड अजून रेशनवरच मिळत होतं. अशात नगरच्या मेट्रनबाईंनी हिला बोलावून घेतलं. त्यांच्याच हाताखाली हिनं नर्सिंग केलेलं. त्यांनी सांगितलं, की बहरीनच्या मिशन दवाखान्यात बायकांच्या वॉर्डासाठी एक शिकलेली, न घाबरणारी नर्स हवी आहे. दोन वर्षांचा करार, राहायला जागा आणि पगार इथल्या तिप्पट. ही घरी आली, चपला काढल्या, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी हो म्हणून आलेय."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पोरीला नगरच्या बोर्डिंगात घालायचं होतं, छपरावरचे पत्रे बदलायचे होते, आणि माझ्या बेचाळीस रुपयांत ह्यातलं एकही होत नव्हतं. शिवाय हिला जायचं होतं. ते तिच्या पाणी पिण्यावरूनच कळत होतं. नऊ वर्षांची पोर आणि घर सांभाळायला माझी आई होती. म्हणजे हरकत घ्यायला मला जागाच नव्हती, आणि हरकत घेता येत नसली की माणसाला स्वस्थ बसवत नाही. मला काही सुचेनासं झालं की मी आकडे मांडतो. मी त्याच संध्याकाळी प्रवासाचं अंदाजपत्रक करायला घेतलं.

कागदाची टंचाई होती, म्हणून मी भूगोलाच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर लिहीत असे. एका बाजूला कुणाचं तरी उत्तर, "अरबस्तानातील लोक तंबूत राहतात व उंटिणीचे दूध पितात", त्याला मी दिलेले दहापैकी सहा मार्क; आणि दुसऱ्या बाजूला माझी बायको तिथं कशी पोचणार त्याचा खर्च. मी स्वतः कधी मनमाडच्या पलीकडे गेलो नव्हतो. मग हे सहा मार्क मी कशाच्या जोरावर दिले, असा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. चार मार्क कशाबद्दल कापले, हा तर त्याहून मोठा.

पहिल्या अंदाजपत्रकात मी एक ओळ लिहिली होती: बंदर ते दवाखाना, उंट, अंदाजे दोन रुपये. हिनं भाकरी थापता थापता कागदाकडे पाहिलं.

"उंट एकट्या माझा की ट्रंकेसकट?"

"ट्रंकेसकट धरलाय."

"मग दोन रुपये थोडे होतील," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी ते अडीच केले. ती थट्टा करते आहे हे मला जेवायला बसल्यावर कळलं.

दुसरी पंचाईत नाण्याची होती. तिकडे कुठलं नाणं चालतं आणि आपल्या रुपयाला त्याचा काय भाव, हे कळल्याशिवाय पुढं सरकता येईना. मी स्वतःच एक भाव ठरवला, मग तो जास्त झाला तर काय आणि कमी झाला तर काय, अशी तीन पानं भरली. चौथ्या दिवशी न राहवून दवाखान्याच्या रखवालदाराकडे गेलो. हा आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडचा डोंगरातला माणूस, पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेला. आमच्या गावात अरबस्तान डोळ्यानं पाहिलेला तेवढा एकच. तो फाटकाशी बसून बिडी ओढत होता. मी माझी तीन पानं त्याच्यापुढं धरली.

"ह्ये काय हाय, मास्तर?"

"तिकडच्या पैशाचा हिशेब. दिनार, रियाल, काय चालतं तिथं?"

"आवो, आपलाच रुपया चालतो. त्योच, राजाचं तोंड हाय त्यो. म्या खजूर घेतला, टोपी घेतली, समदं रुपयानं."

"त्याला तीस वर्षं झाली की."

"मंग झाली. रुपया काय म्हातारा हुतो व्हय?" त्यानं बिडी विझवली. "पानी मातर इकत घ्यावं लागतं बगा. गाढवावरनं येतं. त्येचं काय धरलंय का?"

पाण्याचं मी काही धरलं नव्हतं. घरी येऊन दोन वर्षांचं पाणी धरायला बसलो. दिवसाला दोन घागरी, उन्हाळ्यात तीन, असं करत करत शेवटचा आकडा एवढा आला की आई घाबरली. "त्यापरास तिला हितंच ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली. हिनं मात्र शांतपणे विचारलं, "अहो, दवाखाना पाण्याशिवाय चालवतात का ते? बाळंतिणी कशानं धुतात?" मग ते पान मी फाडलं. पुढं बहरीनच्या दवाखान्याचं पत्र आलं त्यात पगाराचा आकडा सरळ रुपयांतच होता. तेव्हा आधीची तीन पानंही गेली, आणि रखवालदार मला येता-जाता "काय म्हंतोय दिनार?" असं विचारू लागला.

अशी पानं फाडत फाडत एक पक्कं अंदाजपत्रक झालं. बोटीचं भाडं, रेल्वेचं भाडं, मुंबईत बायकांच्या वसतिगृहात चार दिवस, डॉक्टरचा दाखला, देवी टोचणं, हमाल, आणि उतरल्यावर हातात असावेत म्हणून वीस रुपये. हा सगळा खर्च दवाखाना पाठवणार होता. आमच्या पदरच्या पैशांतून पासपोर्टचे फोटो झाले, एक पत्र्याची ट्रंक झाली, चार पांढऱ्या साड्या झाल्या. आणि ते सगळं जाऊन आमच्या डब्यात अठ्ठावीस रुपये उरले. ते कशाला लागणार होते ते शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: माझं मुंबईचं जाणं-येणं व मुक्काम.

तिला बोटीवर चढवून द्यायला मी जाणार होतो. ह्या एका ओळीत मी कधी खाडाखोड केली नाही. शाळेत आणि बाजारात मी सांगत असे की ह्या निमित्तानं एकदाचा समुद्र बघून घेतो. वीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूनं काढत आलोय, तो तसाच असतो का ते तपासतो. लोक हसत. खरी गोष्ट अशी की समुद्र मला नंतरही बघता आला असता, तो काही कुठं निघाला नव्हता. निघाली होती ती ही. पण लग्नाला बारा वर्षं झालेल्या मास्तरनं असं बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नव्हती, म्हणून समुद्राचं नाव पुढं करत होतो.

एवढं झाल्यावर पैशाची वाट बघणं सुरू झालं. मी मधल्या सुट्टीत पोस्टात जाई. शाळा सुटल्यावर जाई. पोस्टातला बाबू मला पाहिलं की दुरूनच मान हलवायचा, तरी मी खिडकीपर्यंत जाऊन त्याच्या तोंडून "नाही" ऐकून यायचो. घरात आलो की उभाच. पोर एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा ना, मला गरगरतं."

मनिऑर्डर आली ती ऑक्टोबरातल्या एका शनिवारी. अडीचशे रुपये, आणि कुपनावर 'सविस्तर पत्र मागाहून' एवढंच. एवढी रक्कम आमच्या घरात एकदम कधी आली नव्हती. मी नोटा दोनदा मोजल्या, मग आईनं बोटांनी चाचपून पाहिल्या, आणि तिनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"दशांश काडला का?"

आमच्या घराची ही रीत. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासूनची. घरात पैसा आला, मग तो पगाराचा असो, अंड्यांचा असो, की शिवणाच्या दोन आण्यांचा असो, त्यातला दहावा भाग आधी बाजूला निघायचा आणि रविवारी देवळात जायचा. तोवर बाकीच्या पैशाला कुणी हात लावायचा नाही. आईला त्यात विचार करायचं काही वाटतच नसे. मला मात्र विचार करायला हरकत नव्हती, कारण गणित मी शिकवत होतो. आलेला पैसा ही मिळकत आहे की कुणी तिकिटासाठी सोपवलेली रक्कम, एवढा फरक पाचवीच्या मुलानंही केला असता. मी केला नाही. कारण दुसऱ्या दिवशी उपकारस्तुतीचा सण होता.

सुगीनंतरचा हा आमचा मोठा रविवार. वेदीपाशी बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या, भोपळे, अंड्यांच्या टोपल्या, कुणाचा पाय बांधलेला कोंबडा, असं सगळं मांडलेलं असतं. नेहमीच्या रविवारी थैली फिरते आणि कुणी काय टाकलं ते कुणाला दिसत नाही. सणाच्या दिवशी मात्र पाकिटावर नाव आणि कारण लिहायचं, आणि पाळकसाहेब ते मंडळीसमोर वाचून दाखवतात. ही सकाळपासून दवाखान्यात होती, एक बाळंतीण अडली होती. म्हणजे विचारायला घरात कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला विचारायचंही नव्हतं. मी उत्तम बोरू काढला आणि पाकिटावर लिहिलं: अरबस्तानच्या प्रवासाबद्दल उपकारस्तुती, रुपये पंचवीस.

पाळकसाहेबांनी ते वाचलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या माना वळल्या. हेडमास्तरांचे पाच रुपये नुकतेच वाचून झाले होते. मी वेदीकडे पाहत होतो, म्हणजे तसं दिसावं अशा बेतानं बसलो होतो. तेवढ्यात कोंबडा आरवला आणि दोन-चार पोरं हसली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर तीन माणसांनी माझा हात हातात घेतला. तेवढ्या पाच मिनिटांत, त्या सबंध महिन्यात पहिल्यांदाच, मी एका जागी शांत उभा राहिलो होतो.

ही दुपारी घरी आली. बाळंतीण सुटली होती. वाटेत हिला कुणीतरी अभिनंदन करून सांगितलंच होतं.

"पंचवीस?" तिनं विचारलं.

"दशांश," मी म्हणालो.

"पत्र येऊ द्यायचं होतं," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

पत्र सोमवारी आलं. मुंबईच्या ज्या एजंटानं पैसे पाठवले होते त्याचं. मजकूर अगदी सभ्य होता. पाठवलेली रक्कम फक्त प्रवासासाठी आहे, प्रत्येक खर्चाची पावती ठेवावी, उरेल ते दवाखान्यात जमा करावं. बाईमाणूस एकटी असल्यानं दुसऱ्या वर्गाची जागा धरली आहे आणि तिचं पूर्ण भाडं दहा दिवसांच्या आत भरावं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाईल. पुढची बोट दीड महिन्यानं आहे, आणि तितके दिवस दवाखाना थांबू शकणार नाही, कारण तिथली नर्स चालली आहे.

मी पत्र तीनदा वाचलं. मग माझं अंदाजपत्रक काढलं. त्यात ढिलं असं काहीच नव्हतं. ते ढिलं नाही ह्याचाच मला इतके दिवस अभिमान होता. पंचवीस रुपये म्हणजे पंचवीस रुपये कमी पडत होते, आणि ते भरले नाहीत तर हिची नोकरी जात होती.

आई चुलीपुढं बसून म्हणाली, "म्या इचारलं नस्तं तर बरं हुतं." तो दोष तिच्यावर लोटायचा मला फार मोह झाला. दोन घटका मी तो लोटलाही, मनातल्या मनात. पण पाकिटावरचं अक्षर तिचं नव्हतं. तिला लिहिता येत नव्हतं.

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. ते ओसरीवर सणात आलेली बाजरी मोजून घेत होते. मी हवापाण्याचं बोललो, बाजरीचं बोललो, मग एकदाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

"पैसे अजून पेटीतच आहेत, मास्तर. चुकून आलेलं दान परत करता येतं. बुधवारी पंचांची बैठक आहे, मी सांगतो, ते देतील."

"पंचांना सांगावं लागेल?"

"अहो, मंडळीचा पैसा आहे. कारण तर सांगायला हवं ना?"

पंच म्हणजे पाच जण. त्यांत हेडमास्तर, आणि त्यांत ज्यांनी माझा हात हातात घेतला होता त्यांपैकी दोघं. पाळकसाहेब बोलत होते आणि मला ती बैठक दिसत होती: कोण कुणाकडे पाहील, कोण घसा साफ करील, आणि बुधवार संपायच्या आत फाटकावरचा रखवालदार मला काय विचारील.

"नको, साहेब," मी म्हणालो. "दिलं ते दिलं."

"विचार करा," ते म्हणाले. "देवाला काही घाई नाही."

देवाला नव्हती, बोटीला होती. पण मी घरी आलो तो विचार न करताच आलो. कुणाकडून उसने घ्यावेत तर त्यालाही कारण सांगावं लागणार, म्हणजे फिरून तेच. तेव्हा मला सुचलं ते असं, की सगळ्यात मोठा आकडा आहे तो कमी करावा. सगळ्यात मोठा आकडा बोटीच्या दुसऱ्या वर्गाचा होता. मी एका नव्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर 'दुसरा वर्ग' खोडून 'डेक' लिहिलं आणि बेरीज केली. पैसे पुरून वर उरत होते. मी एजंटाला लिहायच्या पत्राचा मसुदाही केला. सकाळी कसल्याशा उत्साहात मी तो कागद पाटावरच ठेवून शाळेत गेलो.

परत आलो तेव्हा ही तो कागद घेऊन उंबऱ्यात बसली होती. दवाखान्याचा पांढरा पदर अजून खोचलेलाच होता.

"हे काय आहे?"

"कच्चं आहे."

"कच्च्यात मी डेकवर झोपलेय."

"लोक जातात की डेकवर. हजची माणसं जातात, म्हाताऱ्या बाया जातात."

"जातात. घरची चार माणसं बरोबर घेऊन, ठरवून जातात. माझं कुणी ठरवलं?"

मी तिला पंचांचं सांगितलं. बैठकीचं, हेडमास्तरांचं, सगळं. मला वाटलं होतं ती म्हणेल, मग काय झालं, घ्या मागून. तिनं तसं म्हटलं नाही. ती बराच वेळ कागदाच्या दुसऱ्या बाजूचं कुणाचं तरी उत्तर वाचत बसली.

"देवाला दिलं त्याबद्दल मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "पण ते माझ्या तिकिटातलं दिलंत. तुमच्या पगाराचा दशांश दर महिन्याला थैलीत पडतो. तो कधी कुणी वाचून दाखवला का?"

 उभं राहवेना म्हणून मी आत जाऊन पाणी पिऊन आलो. आलो तर तिनं माझं पक्कं अंदाजपत्रक काढलं होतं आणि माझीच पेन्सिल घेऊन एकेक ओळ वरून खाली वाचत चालली होती. दाखला, राहू द्या. हमाल, राहू द्या. हातातले वीस, ते सोडायचे नाहीत, परक्या मुलखात उतरायचंय. असं करत ती शेवटच्या ओळीपाशी आली आणि थांबली.

"एवढीच ओळ आहे बघा ह्यात," ती म्हणाली.

"हो."

"पंचांपुढं जाणार असाल तर ही राहील."

तिनं पेन्सिल माझ्यापुढं धरली. मला अजूनही वाटतं की तिनं तेव्हा वाट पाहिली. बुधवार दुसऱ्याच दिवशी होता. एक वाक्य बोलायचं होतं, तेही पाळकसाहेब बोलणार होते, मला नुसतं हो म्हणायचं होतं. मी पेन्सिल घेतली आणि माझं मुंबईचं जाणं-येणं आणि मुक्काम खोडला. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी लावली होती, हे सांगायलाही आता लाज वाटते.

"समुद्र काय, पुन्हा कधीतरी बघता येईल," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "तो काय तिथंच आहे."

अठ्ठावीसातले पंचवीस गेले, तीन उरले. त्यात मनमाडपर्यंत जाऊन येता येत होतं. शाळेत मी सांगितलं की रजा मिळण्यासारखी नाही. हेडमास्तर म्हणाले, "असं कसं, मी देतो की रजा." तेव्हा सांगितलं की आईची तब्येत बरी नाही. हे ऐकून हेडमास्तरांची बायको आईला बघायला आली आणि आई परसात लाकडं फोडताना सापडली. एक पंचवीस रुपये झाकण्यासाठी मला पुढचे दहा दिवस असा धावपळीचा धंदा पुरला.

निघायच्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं आम्ही कोपरगावला गेलो आणि तिथून गाडीनं मनमाडला. पोर आणि आई घरीच राहिल्या. पोर रडली नाही, फक्त हिच्या ट्रंकेवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मनमाडला मुंबईची गाडी तासभर उशिरा होती. हिला जनाना डब्यात खिडकीशी जागा मिळाली. मी ट्रंक आत दिली, मग तांब्या भरून आणला, मग केळी आणली, मग गार्डाला जाऊन विचारलं की सुटायला किती वेळ. परत आलो. मग वाटलं तांब्यातलं पाणी आणताना सांडलंय, म्हणून तो पुन्हा भरायला मागितला.

"पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात, शनिवारी तेल लावून विंचरायला सांगा," ही खिडकीतून सांगत होती. "आईंच्या डोळ्यात थेंब सोडायचे, त्या मुद्दाम विसरतात. रेशनचं कार्ड पत्र्याच्या डब्यात आहे. साखर आली की लगेच आणायची, तुम्ही उद्या उद्या करता."

"बरं. अजून काही हवंय का? सुपारी?"

"अहो, एका जागी उभे राहा बघू."

"का?"

"म्हणजे मला नीट बघता येईल."

मी उभा राहिलो. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून खिडकीच्या गजाला धरलं. तेवढ्यात एक गोष्ट ध्यानात आली आणि मी पुन्हा हललोच. इतकी पानं भरली, उंट धरला, पाणी धरलं, पण तिथून इकडे पत्र टाकायचा खर्च मी कुठंच धरला नव्हता. खिशात माझ्या परतीचे सव्वा रुपये होते. ते मी गजांतून तिच्या हातात दिले.

"हे कशाला?"

"पत्रांना. दर आठवड्याला एक टाक."

तिच्याजवळ वीस रुपये रोख होते, हे तिनं सांगितलं नाही. मला ते आठवलं येवल्याच्या पुढं, साखर कारखान्याला चाललेल्या एका लॉरीत लोखंडी पिंपांच्यामध्ये बसलो होतो तेव्हा. लॉरीवाला भला होता. कुठं गेला होता विचारलं, तेव्हा मी म्हणालो, बायकोला सोडायला. कुठवर, म्हणाला. मनमाडपर्यंत, असं मी सांगितलं. 

पहिलं पत्र तेविसाव्या दिवशी आलं. तोवर पोस्टातल्या बाबूनं मान हलवणंही सोडून दिलं होतं. मी ते उभ्या उभ्या पोस्टाच्या पायरीवर वाचलं. ती सुखरूप पोचली होती, कामाला लागली होती. केबिनमध्ये आणखी तीन बायका होत्या, त्यांतल्या दोघींना बोट लागली. त्यांचं करता करता हिला स्वतःला लागायला सवड झाली नाही. वॉर्डात चौदा खाटा होत्या. बायकांची भाषा कळत नव्हती, पण कण्हणं कळत होतं आणि कामापुरतं तेवढं पुरत होतं. मग शेवटाला, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, असं होतं:

"बोट सुटली तेव्हा धक्क्यावर पुष्कळ माणसं जमली होती. सगळी हात करत होती आणि बोटीवरची माणसंही करत होती. आपण एकटीनंच नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मीही हात केला, असाच, कुणाला म्हणून नाही. खाली एक जाडसे गृहस्थ होते, तुमच्याच वयाचे. त्यांना वाटलं मी त्यांनाच करतेय. त्यांनी टोपी काढून हात केला. बोट वळेपर्यंत करत होते. मग मीही खाली घेतला नाही."

घरी आईला आणि पोरीला पत्र वाचून दाखवताना तेवढा भाग मी गाळला. पोरीनं विचारलं, "बाबा, खाली अजून लिहिलंय ना?" मी म्हणालो, तो पत्ता आहे.

आता हिला परत येऊन वर्ष होत आलं. पत्रे बदलले, पोर बोर्डिंगात आहे, आणि ही पुन्हा त्याच दवाखान्यात कामाला जाते. तो गृहस्थ कोण, कुणाला सोडायला आला होता, काही ठाऊक नाही. माणूस चांगलाच असणार. पण मला त्याचा अजून राग येतो.